जांतीराव घरी पोचेपर्यंत

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि तो पोहायला लागला की त्यातलं एक चक्क बंद पडतं, ही गोष्ट नामपूरच्या कांदा मार्केटात कुणाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. समुद्र तिथून कुठच्या कुठं. तरी आज तिथला हमालसुद्धा ती सांगेल, वर "म्हणून तर तो पोहण्यापेक्षा सरपटणं बरं समजतो" अशी पुस्तीही जोडेल. याला जबाबदार एकच माणूस, झुंबरराव देवरे. त्यांनी ती गोष्ट एका लग्नात माईकवरून सांगितली होती. लग्न कुणाचं होतं हे लोक विसरले, ऑक्टोपस मात्र राहिला.

झुंबरराव मूळ नामपूरचेच. पण एसटीत लागले आणि नाशिकच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून उभी नोकरी केली. "पेठकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं असेल की झोपेत कूस बदलतानाही तेच म्हणतात, असं त्यांची बायको लताबाई सांगते. आवाज असा खणखणीत की भोंगा बंद पडला तरी कुणाची गाडी चुकायची नाही. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ते वाचनालयातून आणलेलं काहीबाही वाचत बसत. पोटापाण्याच्या उपयोगाचं त्यात अक्षरही नसे. कुठल्या प्राण्याची विष्ठा चौकोनी असते, केळं हे शास्त्राच्या भाषेत बेरी कसं आणि स्ट्रॉबेरी मात्र बेरी का नाही, असलं सगळं. वाचलेलं पोटात ठेवणं त्यांना जमत नसे. बाकावरच्या पाशिंजराला गाठून ते सांगायला लागायचे आणि तो बिचारा गाडी बघत बघत "हो का, हो का" करायचा.

एक मात्र होतं. दोन वेगवेगळ्या ठिकाणी छापलेलं सापडल्याशिवाय झुंबरराव कुठलीच गोष्ट बोलत नसत. थाप मारायची नाही, तिखटमीठ लावायचं नाही. जग मुळातच एवढं येडचाप आहे तर वर आपण कशाला भर घालायची, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्तीनंतर माईक हातातून गेला आणि माणूस वाळायला लागला. तेवढ्यात भावकीतल्या एका लग्नात बोलणारा आला नाही, म्हणून यांना उभं केलं. आता आपल्याकडच्या लग्नाची रीत तुम्हाला माहीत आहे. पत्रिकेतला मुहूर्त बारा चाळीसचा, अक्षता पडणार दोनला. मधल्या वेळात आमदार, माजी आमदार, होऊ घातलेले आमदार, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांची नावं घ्यायची, टॉवेल-टोपी द्यायची, मग त्यातल्या प्रत्येकाने "मी फार वेळ घेणार नाही" म्हणून फार वेळ घ्यायचा. आणि अक्षता पडल्याशिवाय पंगत नाही. उपाशी माणसं खुर्चीत चुळबुळत असतात, वरात डीजेपुढून हलत नसते. अशा वेळी झुंबररावांनी माईक घेतला आणि म्हणाले, "मंडळी, झांजिबार नावाच्या बेटाचं आणि इंग्रजांचं एक युद्ध झालं. चाळीस मिनिटांच्या आत संपलं! आणि आपले नवरदेव अजून चौकातच नाचतायत!" लॉन्सभर हशा पिकला. मग ते म्हणाले की शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, त्या हिशेबानं वरात वेळेवरच आहे. लोक भूक विसरले.

तिथून पुढं त्यांना बोलावणी यायला लागली. कळवण, सटाणा, चांदवड, कुठं कुठं जायचे. मानधन विचारलं तर म्हणायचे, "माझं मानधन मुकाट ऐकून घेणं." जेवणाच्या वेळी मात्र त्यांच्या हातून माईक काढून घ्यावा लागे. चौकोनी विष्ठेचा वोम्बॅट त्यांनी एकदा पहिल्या पंगतीला जिलेबी वाढत असतानाच काढला होता. तरी लोक रागावत नसत. रागावली ती एकच, सख्खी थोरली बहीण, त्यांची अक्का, लंकाबाई.

तिच्या मुलाचं, अमोलचं लग्न होतं. तीन वर्षं झाली त्याला. घरचं कार्य, झुंबरराव फुल फॉर्मात. मुलीकडची मंडळी मानाची, मुलीची आई पुढच्या रांगेत शालू सावरून बसलेली. आणि ह्यांनी खोल समुद्रातल्या एका माशाची गोष्ट काढली. त्यातल्या काही जातींत नर इवलासा असतो, मादी दिसली की तो तिला चावतो आणि कायमचा चिकटतो. मग हळूहळू त्याचं रक्त तिच्या रक्तात मिसळतं, डोळे जातात, आणि शेवटी तो तिच्याच अंगाचा भाग होऊन राहतो. "हा खरा संसार!" असं म्हणून झुंबरराव थांबले आणि टाळ्यांची वाट बघू लागले. टाळ्या आल्या नाहीत. विहीणबाई उठल्या. आमची पोर तुमच्या पोराला गिळणार असं भर मांडवात म्हणता काय, म्हणून त्या जेवल्याच नाहीत, त्यांच्यामागं त्यांची अख्खी भावकी जेवली नाही, आणि जिलेबीची पातेली तशीच टेम्पोत चढली. नवरीला, निकिताला, खरं तर हसू आवरत नव्हतं. अजूनही ती अमोलला लाडानं मासा म्हणते. पण त्या दिवशी लंकाबाईंनी भर मांडवात भावाकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "आजपासून मला भाऊ नाय. मेला तो."

त्या बोलल्या तशा वागल्या. राखी नाही, भाऊबीज नाही. झुंबरराव दोनदा नामपूरला जाऊन आले. दोन्ही वेळा लंकाबाई सुनेला म्हणाल्या, "पाव्हण्यांना चहा दे," आणि मागच्या दारानं मळ्यात निघून गेल्या. अख्ख्या जगाची नवलं पाठ असलेल्या माणसाला पाव्हणा हा शब्द काही केल्या पचला नाही.

आणि आता तेजस्विनीचं लग्न निघालं. लंकाबाईची धाकटी लेक. नाशिकला कॉलेजसाठी चार वर्षं मामाच्याच घरी राहिलेली, मामाच्या सगळ्या गोष्टी तोंडपाठ असलेली, नोकरीच्या मुलाखतीत घाबरली तेव्हा मनातल्या मनात ऑक्टोपसची हृदयं मोजणारी. आपल्याकडं लग्न लागताना मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. त्या जागी झुंबररावांशिवाय दुसरं कुणी उभं राहील हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. पत्रिका आली. मामा म्हणून नाव छापलं होतं गेणूचं, म्हणजे त्यांच्या चुलतभावाचं. झुंबररावांनी पत्रिका टीव्हीवर ठेवली आणि त्या रात्री एकही नवल सांगितलं नाही. लताबाईला भीतीच वाटली.

"जायचं," ती म्हणाली. "पाव्हणा तर पाव्हणा. मागच्या खुर्चीत बसायचं, तोंड उघडायचं नाही. तिच्या मनात आलं तर ती बोलवेल. नाही आलं तर अक्षता टाकून यायचं."

झुंबररावांनी कबूल केलं. एवढंच नाही, तर लग्नाच्या दिवशी तोंडात लवंगा भरून आले. लवंग चघळताना माणूस बोलत नाही, असा त्यांचा अनुभव.

लग्न नाशिकला दिंडोरी रोडवरच्या एका लॉन्सवर होतं. मुलाकडचे मनमाडचे. नवरदेव प्रफुल्ल रेल्वेत नोकरीला, मुलगा सरळ, हसरा. दिवस दाट मुहूर्ताचा, त्या रस्त्यावरच्या प्रत्येक लॉन्सवर लग्न, प्रत्येक दारात तशीच कमान, तसेच फ्लेक्स, तसाच डीजे. उन्हानं जीव चाललेला, कूलर नुसताच घरघरत होता. माईकवर सनी नावाचा भाड्यानं आणलेला पोरगा होता. त्यानं आदल्या दिवसापासून तीन लग्नं मारली होती. साडेबाराला त्यानं सगळ्या पुढाऱ्यांची नावं घेतली, एक वाजता परत घेतली, सव्वाला तिसऱ्यांदा घ्यायला गेला आणि "सोसायटीचे चे..." वर त्याचा घसा जो बसला तो बसलाच. पुढं नुसती शिट्टी ऐकू येत होती.

वरातीचा पत्ताच नव्हता. डीजेचा आवाज नाही, घोडा नाही, मुलाकडचा एक माणूस नाही. लोक घड्याळं बघायला लागले. मागच्या रांगेतली नामपूरकर मंडळी उठून जीपकडं निघाली, कारण लांबचा पल्ला होता आणि उपाशी बसून उपयोग नव्हता. एक रांग उठली की दुसरीलाही उठावंसं वाटतं.

तेवढ्यात अमोल धावत आला आणि झुंबररावांचं मनगट धरून त्यांना नवरीच्या खोलीत घेऊन गेला. तेजस्विनी पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून बसली होती आणि रडू का हसू अशा अवस्थेत होती.

"मामा," ती म्हणाली, "वऱ्हाड दुसऱ्याच लॉन्सवर उतरलंय."

झुंबररावांनी लवंगा गिळल्या.

झालं होतं ते असं. मनमाडहून बस आली, मागं नवरदेवाची गाडी. रस्त्यात फुलांनी सजवलेली दुसरी एक गाडी पुढं होती, ड्रायव्हरला वाटलं हीच आपली, तो तिच्या मागं गेला. आत शिरले तर स्वागताला माणसं तयार. आपल्याकडं मांडवात आलेल्या माणसाला तू कोण असं विचारायची पद्धत नाही, तो अपमान समजतात. त्यांनी ओवाळलं, सरबत दिलं, प्रफुल्लच्या वडिलांना स्टेजवर नेऊन टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला, फोटो काढला. मनमाडकरांनाही काही वावगं वाटलं नाही. व्याह्यांकडं माणसं फार आहेत, सगळी कुठं ओळखीची असणार! घोड्यावरून खरा नवरदेव कमानीत आला तेव्हा कुठं दोन्ही बाजूंना दोन नवरदेव दिसले आणि बोंब झाली. बरं, मग निघावं की नाही? तर तिकडचे म्हणतात, "आता आलाच आहात तर तसं जाऊ देणार नाही, दोन घास खाऊन जा." मनमाडकरांना नाही म्हणवेना.

"म्हणजे तो तिकडे जेवतोय?" झुंबररावांनी विचारलं.

"जिलेबी नको म्हणाला, एवढंच," तेजस्विनी म्हणाली आणि खुदकन हसली. मग तिचा चेहरा पडला. "मामा, अजून पाऊण तास तरी लागेल. बाहेर लोक उठायला लागलेत. मला रिकाम्या खुर्च्यांसमोर लग्न करायचं नाहीये. तुम्ही माईक घ्या ना."

"अक्काला विचारलंस?"

"विचारलं तर ती नाही म्हणेल."

इथं झुंबरराव अडले. सकाळपासून लंकाबाईनं त्यांच्याकडं दोनदा पाहिलं होतं. दोनदाच, पण पाहिलं होतं. आज गप्प राहिलो तर कदाचित बोलवेल, कदाचित म्हणेल ये, पोरीच्या पाठीशी उभा राहा. माईकला हात लावला तर संपलं, उभ्या जन्मात ती तोंड बघणार नाही. आणि इकडं ही पोर. ते खोलीबाहेर आले. मग सनीच्या हातातून माईक घेतला.

"मंडळी," ते म्हणाले, आणि स्टँडवरचा तो जुना खणखणीत आवाज लॉन्सच्या कंपाउंडपलीकडं जीपपर्यंत गेला. "जाणाऱ्यांनी खुशाल जावं. फक्त जाण्याआधी एवढं ऐका, की जगात सगळ्यात जास्त वाट बघितलेल्या माणसाची गोष्ट मी सांगणार आहे."

जीपचं दार उघडून उभा असलेला माणूस तसाच थांबला. पुढच्या रांगेत नवऱ्याच्या, पुंजा दाजींच्या, शेजारी बसलेल्या लंकाबाईंनी मान वळवली. झुंबररावांनी तिकडं बघायचं टाळलं.

"फ्रान्स देशात ल जांती नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ होते. आपण त्यांना जांतीराव म्हणू. अडीचशे वर्षांहून जुनी गोष्ट. आता शुक्र तुम्हाला माहीत आहे. शुक्राचा अस्त असला की आपण लग्नं धरत नाही. तर कधीतरी, अगदी क्वचित, हा शुक्र बरोबर सूर्याच्या समोरून जातो. सूर्याच्या तोंडावरून एक काळा ठिपका सरकताना दिसतो. म्हणजे पंचांगानं बघाल तर पक्का अस्त! भटजी त्या दिवशी कुणाला फिरकू देणार नाहीत. पण जांतीरावांचा मुहूर्त तोच. तो ठिपका नीट मोजला की सूर्य किती लांब आहे ते कळणार होतं. आणि तो बघायला ते कुठं निघाले? आपल्याकडं! पाँडिचेरीला!"

लोकांना बरं वाटलं. आपल्याकडं येणारा माणूस म्हटला की आपण जरा सावरून बसतो.

"वर्षभर आधी निघाले. समुद्र, वादळं, सगळं झालं. पाँडिचेरी जवळ आली आणि कळलं की ती इंग्रजांनी घेतली! जहाज फिरलं मागं. शुक्राचा दिवस उजाडला तेव्हा गडी भर समुद्रात. आभाळ स्वच्छ, शुक्र दिसतोय, पण खालून जहाज हेलकावतंय. मोजणार कसं? हातचा मुहूर्त गेला."

"अरारा," कुणीतरी म्हणालं.

"पण शुक्राची एक खोड आहे. असं एकदा झालं की आठ वर्षांनी परत होतं. आणि मग शंभराहून जास्त वर्षं होत नाही. जांतीरावांनी विचार केला, आता घरी कशाला जायचं? आठच वर्षं तर आहेत, थांबू!"

लॉन्सवर हास्याचा लोट उठला.

"आठ वर्षं थांबला माणूस! आणि तुम्हाला तास झाला तर जीप आठवली!"

जीपवाल्यानं दार लावलं आणि परत येऊन खुर्चीत बसला. त्याच्यामागं आख्खी रांग बसली. झुंबररावांच्या अंगात आता वारं शिरलं होतं. जांतीराव आधी मनिलाला कसे गेले, तिथल्या गव्हर्नरला त्यांचा संशय कसा आला, मग पाँडिचेरी परत फ्रेंचांकडं आल्यावर ते तिथं कसे पोचले आणि वेधशाळा बांधून कसे बसले, हे सगळं ते हातवारे करून सांगत होते. महिनाभर रोज सकाळी आभाळ निरभ्र. आदल्या संध्याकाळीसुद्धा निरभ्र. आणि त्या पहाटे...

"ढग!" झुंबरराव ओरडले. "नुसते ढग! शुक्र सूर्यावरून आला तसा निघून गेला, आणि तो गेल्या गेल्या आभाळ मोकळं. लख्ख ऊन! आणि जी मनिला ते सोडून आले होते, तिथं त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं!"

"आमच्या कांद्याचं असंच व्हतं!" तिसऱ्या रांगेतून कुणीतरी कपाळावर हात मारून ओरडलं. "इकला की भाव चढतो!" आणि मग एवढा गोंधळ, एवढं हसू, की आचारीसुद्धा झारा घेऊन बाहेर आला. पोरी स्टेजजवळ येऊन उभ्या राहिल्या. तेजस्विनीच्या खोलीचं दार किलकिलं झालं.

"जांतीराव आजारी पडले. जहाज मिळेना. मिळालं ते वादळात सापडलं. शेवटी कसेबसे, डोंगर ओलांडून, अकरा वर्षांनी माणूस आपल्या देशात परतला. घरी पोचला. आणि घरच्यांनी त्याला..."

झुंबरराव थांबले.

पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं आणि ते काय आहे हे त्यांना आत्ता, त्या क्षणी कळलं. अमोलच्या लग्नातला मासा परवडला असा तो शब्द होता. मांडव, मुहूर्त टळलेला, नवरदेव बेपत्ता, पोरगी मुंडावळ्या बांधून बसलेली, आणि माईकवर हे कुणाला तरी मेलेलं जाहीर करणार! मागून लताबाई गळ्यावरून हात फिरवून बंद करा, बंद करा अशा खुणा करत होती. काहीतरी दुसरं घुसडावं आणि मोकळं व्हावं, असं त्यांच्या मनात आलं. घरच्यांनी त्याला ओवाळलं म्हणावं. पण खोटं बोलायला जीभ वळेना.

"घरच्यांनी काय?" लोक ओरडले. "सांगा ना!"

आणि लंकाबाई उठल्या. पदर खोचला आणि तरातरा स्टेजच्या पायऱ्या चढल्या. आता माईक हिसकावणार, हे सगळ्यांना दिसत होतं. झुंबररावांनी आपणहून माईक पुढं केला, कारण बहिणीशी ओढाताण करायची त्यांची तयारी नव्हती. लंकाबाईंनी माईक घेतला नाही. कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

"मंग?" त्या म्हणाल्या. "घरच्यांनी काय केलं त्याचं?"

तीन वर्षांत थेट त्यांना उद्देशून आलेलं हे पहिलं वाक्य.

"अक्का, नको," ते घरच्या अहिराणीत कुजबुजले. "अशुभ शे ते. लग्नात नको."

"अशुभ!" लंकाबाई कडाडल्या, आणि माईक अजून त्यांच्या तोंडाजवळ आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. "नवरदेव दुसऱ्याच्या मांडवात पंगतीला बसलाय, आन तू मला अशुभ सांगतो? सांग पुढं!"

मग कुणीतरी "क्काय?" म्हटलं आणि जो स्फोट झाला तो विचारू नका. माणसं खुर्चीतून खाली यायची बाकी होती. पुंजा दाजी जन्मात मोठ्यानं हसले नव्हते, त्यांनी टोपी तोंडावर धरली आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. सनी आवाज नसतानाही हसत होता, नुसत्या शिट्ट्या. लंकाबाईंना आपण काय करून बसलो ते कळलं. त्यांनी जीभ चावली, आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

हसणं जरा ओसरलं तेव्हा झुंबररावांनी माईक तोंडाशी नेला. लंकाबाईंकडं बघतच सांगितलं, हळू आवाजात.

"घरच्यांनी त्याला मेला असं जाहीर केलं होतं. त्याची पत्रं पोचली नव्हती, असं म्हणतात. अकादमीतली त्याची जागा दुसऱ्याला दिलेली. घर, जमीन, वाटून घ्यायला निघालेले. तो जिवंत समोर उभा, आणि त्याचीच माणसं म्हणतात, तू मेलास."

बायकांच्या बाजूनं "अगं बाई" आलं. लंकाबाई हसायच्या थांबल्या. त्या भावाकडं बघत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला की झुंबररावांनाच तो बघवेना.

नेमका त्याच वेळी कमानीत बँड वाजला. वरात आली. पुढं घोड्यावर प्रफुल्ल, घामानं निथळलेला, आणि त्याच्यामागं दुसऱ्याच्या लग्नातल्या नव्याकोऱ्या टोप्या घातलेले मनमाडकर. पण या लॉन्सवरचं एकही माणूस उठलं नाही.

"थांबवा तो बँड!" कांद्याचं बोलणारा ओरडला. "आधी जांतीरावांचं होऊ द्या!"

बँड बंद झाला. घोडा कमानीतच थांबला. नवरदेवानं शेजारच्याला विचारलं, जांतीराव कोण? शेजारच्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"मग?" लंकाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज पार खाली गेला होता. "तसंच मेलं का ते लेकरू?"

"नाय अक्का," झुंबरराव म्हणाले. "कोर्टात गेला, भांडला. पैशाअडक्याचं फारसं काही हाती लागलं नाही. पण जागा परत मिळाली. मग त्यानं लग्न केलं. मुलगी झाली. पुढं वीस वर्षं सुखानं जगला."

अशा टाळ्या त्या लॉन्सवर कुठल्या आमदाराला मिळाल्या नसतील. घोडा बिचकला, प्रफुल्लनं घोड्यावरूनच दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या, बँडवाल्यांनी कुणी न सांगता सुरुवात केली, आणि वऱ्हाड नाचत नाचत आत आलं. व्याह्यांना टॉवेल-टोपी द्यायला कुणी गेलं तर ते म्हणाले, नको, एकदा झाली. त्यावर पुन्हा हशा.

मग सगळं भराभर झालं. भटजींनी घाई केली. अंतरपाट धरला. तेजस्विनी हार घेऊन पाटावर उभी राहिली आणि मान वळवून मागं बघायला लागली. भटजींनी हाक मारली, "मुलीचे मामा? मामा कुठं आहेत?" गेणू उठला. बिचारा सकाळपासून कडक फेटा बांधून घामानं भिजला होता. झुंबररावांनी माईक सनीच्या हातात दिला आणि ते स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागले, मागच्या खुर्च्यांकडं, जिथं अक्षता घेऊन उभं राहायचं असं ठरलं होतं.

सनीच्या हातातून माईक लंकाबाईंनी घेतला. तो कसा धरायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि नामपूरच्या मळ्यात हाक मारतात तशी हाक मारली.

"गेणू, तू बस भो. पोरीना सख्खा मामा आयेल शे." त्या थांबल्या, नाक पुसलं. "मन्हा भाऊ शे तो. जित्ता शे."